माहिती सर्वांना, त्याच दिवशी!

निमंत्रण लिहावं तर मीच! आमच्या वेधशाळेतले बाकीचे लोक पत्र लिहितात ते औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखं वाटतं. मी लिहिलं की वाचणारा चप्पल न घालता धावत सुटतो.

म्हणून ताईच्या यंत्रासाठी खगोलशास्त्रज्ञांना बोलावणं धाडायची वेळ आली, तेव्हा मी आपण होऊन हात वर केला. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. ताऱ्याचा उजेड फोडून त्यातले रंग मोजणारं यंत्र तिने बनवलंय. ते बनवता बनवता तिचे केस पांढरे झाले आणि स्वभाव तिखट. (स्वभाव आधीपासूनच तिखट होता. यंत्राला उगाच दोष कशाला?) यंत्र मोठ्या दुर्बिणीला नुकतंच बसवलं होतं. आता ते खऱ्या आकाशावर तपासायचं. त्यासाठी जाणकारांना सांगायचं, बाबांनो, काय बघू ते सुचवा. अवघड सुचवा. यंत्राच्या खोडी बाहेर येऊ द्या!

दुर्बीण आठवडाभरच आमची. तेवढ्यात चाचणी झाली नाही, तर वेधशाळेचे साहेब जुनं यंत्र परत चढवणार आणि ताईचं यंत्र खोक्यात जाणार.

"साधं लिही," ताई म्हणाली. "नटवू नकोस."

"ताई, तू स्क्रू आवळ. शब्द माझ्यावर सोड."

निमंत्रण. खर्डा पहिला. (मनःस्थिती: प्रसन्न)

*या! आकाश मागा! प्रस्ताव कोणाचाही असो, मिळालेली माहिती सर्वांना, त्याच दिवशी, फुकट!!!*

शेवटची ओळ मी ठळक केली. मग आणखी ठळक केली.

प्रस्ताव आले शून्य!

मला वाटलं, मेल बंद पडलाय. मी मलाच पत्र पाठवलं. टुणकन आलं. मग दाढीवाल्या प्राध्यापकांना फोन लावला. दीर्घिकांमध्ये, म्हणजे दूरदूरच्या आकाशगंगांमध्ये, यांचा शब्द शेवटचा.

"वा, काय निमंत्रण लिहिलंय!" प्राध्यापक खूश. "मी रोज वाट बघतोय."

"कसली?"

"माहितीची! कधी येतेय?"

"अहो सर, आधी तुम्ही प्रस्ताव पाठवायचा ना!"

"मी कशाला? ते चार पानी तांत्रिक लचांड कोण लिहीत बसणार? बाई पाठवतीलच की. माहिती सगळ्यांनाच मिळणार आहे, तुम्हीच लिहिलंय. ठळक."

बाई म्हणजे प्राध्यापकांच्या जन्माच्या वैरी; एकाच दीर्घिकेवर दोघंही हक्क सांगतात. मी बाईंना फोन लावला.

"दाढीवाले पाठवतील," बाई म्हणाल्या. "त्यांना हौस आहे."

कळलं का तुम्हाला? अख्खी पंगत ताटं घेऊन बसलेली आणि चुलीपाशी कोणीच नाही! आणि ही पंगत मी बसवली होती. ठळक अक्षरांत!

ताईला कळायला वेळ लागला नाही. तिने हातातला पाना टेबलावर असा आपटला की चहाच्या कपाने जागा सोडली.

"फुकट लिहायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"नियमच आहे तो!"

"नियम आहे म्हणून तो शेवटी बारीक अक्षरांत लिहायचा असतो, गाढवा! लहानपणी माझी सायकल मोडलीस, काही बोलले नाही—"

"तू वर्षभर बोलत होतीस!"

"आता यंत्र मोडायला निघालास!"

डोकं फिरलं माझं. ताईवर, दाढीवर, बाईंवर, सगळ्या आकाशगंगेवर! मी थेट दुर्बिणीच्या घुमटात जाऊन बसलो. खोटं बोलायला एकांत लागतो. फोन मरायला टेकला होता, म्हणून यंत्रामागच्या एकुलत्या एका प्लगमध्ये चार्जर खुपसला आणि सुरू झालो.

"सर, बाईंनी तुमची ती लाडकी दीर्घिका मागितलीय."

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज. "माझी? त्यांनी?"

"बाई, सरांनी तुमच्या दीर्घिकेवर—"

"त्यांच्या दाढीला आग लागो!"

दिवे लागायच्या आत प्रस्ताव आले. दोघांचेही! एकाच दीर्घिकेसाठी! आणि बातमी पसरल्यावर बाकीच्यांचेही, कारण दोन मोठी माणसं जिच्यावर भांडतात, तिच्यात काहीतरी असणारच. ताईने न ओरडता प्रस्ताव स्वीकारले आणि रात्रभर निरीक्षणं केली. आमच्या घराण्यात याला कौतुक म्हणतात.

सकाळी माहिती जाहीर झाली. सर्वांना. त्याच दिवशी. फुकट.

दुपारी दाढी आणि बाई दोघंही वेधशाळेच्या दारात!

"आलेखातला हा हिरवा उंचवटा," प्राध्यापक कागद फडकवत ओरडले, "माझा शोध आहे!"

"आधी मी पाहिला!" बाई गरजल्या. "असा रंग आजवर कुठल्याच दीर्घिकेत दिसलेला नाही!"

"तुम्ही माझी दीर्घिका मागितलीतच कशी?"

"मी? तुम्हीच आधी मागितलीत!"

दोघंही थांबले. दोघांनी सावकाश माझ्याकडे मान वळवली.

मी वाचलो तो ताईमुळे. ती जिन्यावरून उतरत होती, हातात वर्णपटांचा गठ्ठा. "भांडू नका," ती म्हणाली. तिचा आवाज इतका थंड होता की मला स्वेटर आठवला. "हाच उंचवटा शेजारच्या ताऱ्यातही आहे. रिकाम्या आकाशातही आहे. दुर्बिणीला झाकण लावून पाहिलं, तरी आहे."

मग तिने खिशातून माझा चार्जर काढला, मी यंत्रामागे विसरलेला.

त्यावर एक हिरवा दिवा असतो. मुगाच्या दाण्याएवढा. यंत्राच्या मागच्या फटीतून त्याचा उजेड आत शिरत होता, आणि जगातल्या झाडून सगळ्या खगोलशास्त्रज्ञांनी तो त्याच दिवशी, फुकट, पाहिला होता.

दाढी आणि बाई यांचं त्या दुपारी आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. विषय अर्थातच मी. दोघांनी मिळून मला जे सुनावलं, ते छापता येणार नाही.

साहेब मात्र वर्णपट डोळ्यांशी धरून बघत राहिले. "एवढासा उजेड पकडला? आणि फटही सापडली? मग चाचणी आणखी काय वेगळी असते? फट बुजवा. यंत्र दुर्बिणीवरच राहू दे."

ताई आनंदाने नाचेल असं वाटलं ना? छे! ती आणखीच भडकली! एवढं राबून केलेलं यंत्र पास झालं, ते धाकट्या भावाच्या चार्जरमुळे! फोनही जप्त केला तिने.

दुसऱ्या फेरीचं निमंत्रण तिने स्वतःच लिहिलं.

निमंत्रण. खर्डा एकमेव. (मनःस्थिती: विचारू नका)

*निरीक्षणे सुचवा. फट बुजवली आहे. चार्जर काढला आहे. भावालाही काढले आहे.*

प्रस्तावांचा ढीग पडलाय. साधंच लिहिलंय हो. अजिबात नटवलेलं नाही.