वाळूत बसलेली गाडी

नरेलला समुद्राकाठी तंबू ठोकायचा होता आणि तिचा नवरा क्लाइव्ह याला गाडी मिरवायची होती, म्हणून शनिवारी सकाळीच दोघं वाळूच्या वाटेला लागले. वाळू, चिखल, खडक, कशालाच न डगमगणारी ती मोठी पेट्रोल गाडी क्लाइव्हनं कालच बेरिल क्विग्ली नावाच्या बाईंकडून घेतली होती. किल्ली देताना बाईंनी बजावलं होतं, "पेट्रोलवर आहे हं." त्यावर तो हसला होता. "बाई, माझी हयात गाड्यांत गेलीय."

पहिल्याच टेकाडावर गाडी खोकली, धूर ओकली आणि बसली ती बसलीच.

"फसवलं म्हातारीनं!" क्लाइव्ह ओरडला.

"अरे, आधी बघ तरी काय झालंय."

"बघायचंय काय? गोड बोलून भंगार गळ्यात मारलंय!"

हेच त्यानं फोन लावून बाईंनाही ऐकवलं, वर दोन-चार शब्द जादा.

बाई आपली छोटी गाडी डांबरी रस्त्यावर सोडून वाळू तुडवत आल्या. डोळे रडून सुजलेले. "माझ्या नवऱ्यानं, कीथनं, जीव लावला होता हो हिला. तो गेल्यावर मीच कुठं हयगय केली असेन. मी परत घेते गाडी."

क्लाइव्हला चेव चढला. "टाकीत पाणी गेलंय, दुसरं काय! थांबा, दाखवतोच." त्यानं झाकण काढलं, नाक लावलं आणि तसाच वाकून राहिला.

"क्लाइव्ह," नरेलनं हळूच विचारलं, "आपल्या जुन्या गाडीच्या डिझेलचा कॅन सकाळी कशात ओतलास तू?"

त्यानं झाकण लावलं. पुन्हा आवळलं. आणखी एकदा आवळलं. कान लालबुंद झाले होते. बाईंनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या नुसत्या बघत होत्या.

"वाया जाईल म्हणून... सवयीनं..." तो पुटपुटला. "चुकलो मी. फोनवर बोललो, तेही. गाडी चांगली आहे, मला हवीय."

"चांगली आहे ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे करून किल्ली मागून घेतली आणि नरेलच्या तळव्यावर ठेवली. "टाकी साफ करून घे, पोरी. गाडी तुझी. यांना शेजारी बसव."

परत जाताना बाईंच्या छोट्या गाडीत बायका पुढे बसल्या. क्लाइव्हच्या वाट्याला मागची सीट आली, बाईंच्या म्हाताऱ्या कुत्र्याशेजारी. निदान त्याला तरी चुचकारावं म्हणून त्यानं हात पुढे केला. कुत्र्यानं हात हुंगला, एक शिंक दिली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.