सालावर ठेवलेलं हवामान

पाडव्याला कोरडखेड्याच्या जुन्या हवामानाचं साल संपलं आणि गावाने त्याच्या जागी समशीतोष्ण हवामान कामावर ठेवायचं ठरवलं. सालगडी पाडव्यालाच बदलतात, त्यामुळे कुणाला यात वावगं दिसलं नाही. दिसलं ते फक्त धुडकूआप्पांना.

आप्पांची गावाबाहेर मिरचीची पथारी होती. ओली लाल मिरची उघड्यावर पसरायची आणि उन्हात कडकडीत वाळवायची, हा त्यांचा धंदा. ऊन गेलं की मिरची काळी पडणार आणि पथारी बंद होणार, हे कळायला शाळा लागत नाही.

नवं हवामान पारावर येऊन बसलं. अंगाने बेताचं, बोलायला मऊ. सरपंच लीलाबाईंनी चहा मागवला. आप्पांनी कपाला हात लावला नाही.

"आधी कुठं होतंस?"

"इंग्लंडात, फ्रान्सात, न्यूझीलंडात."

"सोडलंस कशाला?"

"सोडलं नाही, आप्पा. तिथलं कामही चालूच आहे."

"म्हणजे एका वेळी तीन मालक. ऐकताय ना, बाई?"

"कामाचं आहे म्हणूनच मागणी आहे," लीलाबाई म्हणाल्या. "गेल्या चैत्रात तुमच्या त्या लाडक्या उन्हानं शाळेचे पत्रे तापले, पोरं भोवळ येऊन पडली. तुम्हाला मेली मिरचीची पडलीय!"

आप्पांची नजर हवामानावरून हलली नाही.

"डिसेंबरात काय असतं तुझं?"

"इंग्लंडात थंडी. न्यूझीलंडात उन्हाळा."

"एकाच दिवशी?"

"एकाच दिवशी."

"आमच्यात याला दुतोंडी म्हणतात. पाऊस?"

"थोडा थोडा, बारा महिने. काही गावांना फक्त हिवाळ्यात."

मिरची हिवाळ्यातच वाळते. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला.

"राग येतो का कधी?"

"समुद्राकाठी नाही येत," हवामान चहा फुंकत म्हणालं. "फार आत गेलं की स्वभाव जरा कडक होतो. उन्हाळा तापतो, थंडी हाडं फोडते."

"आपल्यापासून समुद्र किती लांब, बाई?"

कोरडखेड्यात समुद्र पाहिलेला माणूस नव्हता.

"म्हणजे दाखवायला एक आणि नांदायला दुसरंच," आप्पा म्हणाले. तरीही त्याला ठेवायला गावाचे हात वर झाले. हवामानाला विडा दिला, नवी पायताणं दिली. विडा घेतला की पुढच्या पाडव्यापर्यंत माघार नाही, ही गावाची रीत.

जुनं हवामान वेशीपाशी गाठोडं घेऊन बसलं होतं. त्याच्या भोवतीचं गवत करपलेलं.

"कुठं काम मिळालं का?" आप्पांनी विचारलं.

"राजस्थानात विचारलं. जागा भरलेली आहे म्हणतात."

"माझ्या पथारीवर राहशील? पण कुंपणाच्या आत. एक झळ जरी बाहेर गेली, तरी हाकलून देईन."

ते राहिलं. आश्विनात गावातले कडुनिंब लालपिवळे होऊन एका आठवड्यात बोडके झाले. पोरांची भोवळ थांबली, हे खरं. पण माणसं शेतात निघताना छत्री, टोपी आणि स्वेटर तिन्ही नेऊ लागली, आणि भेटल्यावर आधी आभाळाची चौकशी करू लागली. पथारीवर मात्र मिरची खुळखुळ्यासारखी वाजत होती. बायका ओली धुणी घेऊन कुंपणापाशी येत. बाहेरच्या पावसाची भुरभुर दडून आत येऊ नये म्हणून आप्पा प्रत्येकीला पदर झटकायला लावत आणि मगच आत सोडत. एकदा लीलाबाईही आल्या. त्यांनी न सांगता पदर झटकला.

मार्गशीर्षात एके दुपारी नवं हवामानच फाटकाशी येऊन उभं राहिलं. ओठ निळे पडले होते.

"आप्पा, इथली थंडी मला स्वतःलाच सोसवत नाही हो. घटकाभर आत येऊ?"

आप्पांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काखेत काय दडवलंय?"

"काही नाही. थोडी भुरभुर."

"ती बाहेर ठेवायची."

हवामानाने भुरभुर काढून बाभळीच्या काट्याला अडकवली. तिथं ती बारीक आवाजात गळत राहिली.

"बाह्या वर कर."

त्याने बाह्या वर केल्या. आप्पांनी फाटक उघडलं.

"मिरचीकडे पाठ करून बस."

जुन्या हवामानाने थोडं सरकून जागा करून दिली. आप्पा काठी घेऊन दोघांच्या मध्ये बसले, आणि एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले.