नुसते ओठ हलवा!

"ज्याला बोलता येतं त्याला गाता येतं! फक्त शिकवणारा हवा!" मास्तरांनी छाती ठोकून सांगितलं.

"आधी कार्यक्रम ऐकू, मग ठरवू," ग्रंथालयाच्या प्रमुख बाई म्हणाल्या.

शाळेत जन्मभर संगीत शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांना आता अख्खी वस्ती गाती करायची होती. त्यासाठी दर रविवारी ग्रंथालयाचं सभागृह हवं होतं. घरच्या वर्गापायी शेजाऱ्यांनी बोलणंच टाकलं होतं!

पहिल्याच तालमीत पोस्टमननं असा सूर लावला की मास्तरांची बोटं पेटीवर थिजली. त्यांनी त्याला जिन्यात गाठलं.

"तुमचा आवाज फार भारदस्त आहे हो. बाकीचे झाकले जातात. कार्यक्रमात नुसते ओठ हलवा. आणि कुणाला सांगू नका!"

पोस्टमन खूश. मग शिंपी जिन्यात गेला, मग नर्सबाई, मग दातांचे डॉक्टर. कुणाकुणाला सांगितलं याचा मास्तरांनाच पत्ता राहिला नाही. जिन्यात न्यायची हिंमत झाली नाही ती फक्त स्वतःच्या बायकोला. तिचा सूर भलतीकडेच जायचा, पण रोज जेवायचं तिच्याच हातचं! एवढ्या आवाजांत तिचा कुठे ऐकू येणार, अशी मास्तरांनी मनाची समजूत घातली.

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं. मास्तरांनी पेटीवर सूर धरला, मान हलवली. सगळ्यांनी झकास तोंडं उघडली. आणि आवाज? शून्य! पोस्टमनच्या तर गळ्याच्या शिराही फुगल्या होत्या.

"अहो, गा की!" मास्तर दात ओठ खात पुटपुटले.

शिंप्यानं डोळा मारला. "ठरल्याप्रमाणे, मास्तर!"

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. तेवढ्यात मागच्या रांगेतून बायकोचा आवाज आला. सगळे घाबरले असं समजून, नवऱ्याची अब्रू वाचवायला बिचारी एकटीच जिवाच्या आकांतानं गात होती. पूर्ण बेसूर! मास्तरांना तिची माया आली आणि घामही फुटला.

लोक आधी हसले. मग हिला जमतं तर आपल्यालाही जमेल, असं वाटून एकेक जण गाऊ लागला. शेवटी अख्खं सभागृह गात होतं.

"सभागृह तुमचं!" प्रमुख बाई डोळे पुसत म्हणाल्या. मास्तर फुलले. "फक्त शिकवायला वहिनींना पाठवा. त्यांचं ऐकून मलासुद्धा धीर आला!"

तोवर पोस्टमननं मास्तरांच्या बायकोला सगळं सांगून टाकलं होतं. घरी परतताना तिनं मास्तरांना जिन्यातच थांबवलं.

"अहो, तुमचा आवाज फार भारदस्त आहे. रविवारी वर्गाला या, पण नुसते ओठ हलवा हं!"