लिफ्टमधली जाहीर सभा

कोर्टाच्या इमारतीतली जुनी लिफ्ट बदलायची की नाही, हे ठरवायला कोर्टानेच समिती नेमली होती. नियम एकच, पण कडक: सदस्य जमून विषयावर बोलले की ती सभा, आणि सभा लोकांना दिसेल, ऐकू येईल अशीच व्हायला हवी. आजवर एकही माणूस फिरकला नव्हता. तरी चिटणीस दार सताड उघडं ठेवून रिकाम्या खुर्च्यांपुढे सभा चालवत. त्यांचे गुडघे कामातून गेलेले आणि कचेरी चौथ्या मजल्यावर. नव्या लिफ्टसाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

आज ठराव झाला नाही तर समिती बरखास्त होणार होती. अध्यक्षबाई, वकीलबाई आणि इंजिनिअर असे तिन्ही सदस्य चिटणिसांसोबत लिफ्टमध्ये शिरले. दोन मजल्यांच्या मध्येच लिफ्टने आचका दिला आणि ती थांबली.

"मी म्हणतच होतो, हा दोर..." इंजिनिअर म्हणाले.

"साहेब, विषय काढू नका," चिटणीस घाईने म्हणाले. " ही सभा होईल, आणि इथे लोक नाहीत. सगळं रद्द होईल."

"अहो, आपण लटकलोय."

"लटकू या. पण गप्प."

मग अध्यक्षबाईंनी नातवाच्या दाताचा विषय काढला. तो संपल्यावर वकीलबाईंनी मांजराचा.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या जाळीच्या दाराशी शिपाई वाकला. त्याच्यामागे झाडूवाल्या मावशी, पक्षकार, साक्षीदार. बघता बघता गर्दी झाली. चिटणिसांचा चेहरा उजळला.

"बाई, लोक आले." त्यांनी सभेच्या सूचनेवरचं 'चौथा मजला' खोडून 'लिफ्ट' लिहिलं आणि कागद जाळीतून शिपायाकडे सरकवला. "दाराला चिकटव."

एरवी दुरुस्तीवर अडून बसणाऱ्या इंजिनिअरांनीच नव्या लिफ्टचा ठराव मांडला. सगळ्यांचं एकमत झालं. चिटणिसांना भरून आलं.

"लोकांना काही बोलायचंय?" अध्यक्षबाईंनी रीतसर विचारलं. हा प्रश्न आजवर खुर्च्यांनाच विचारला जाई.

"बोलायचंय की," मावशी म्हणाल्या. "नवी येईल तेव्हा येईल. तोवर ही बंद ठेवा. उद्या कुणाच्या जिवावर बेतायचं."

टाळ्या पडल्या. तेवढी भर घालून ठराव मंजूर झाला.

"नवी कधी येईल?" चिटणिसांनी हळूच विचारलं.

"सगळं सुरळीत झालं तर वर्षभरात," इंजिनिअर म्हणाले.

थोड्या वेळाने लिफ्ट कुरकुरत तळमजल्यावर आली आणि शिपायाने लगोलग तिला कुलूप घातलं.

"इतिवृत्त आजच टाइप करून टाका," अध्यक्षबाई म्हणाल्या.

टाइपरायटर चौथ्या मजल्यावर होता. चिटणीस गुडघा धरून जिना चढू लागले. पहिल्या वळणावर मावशी पायऱ्या पुसत होत्या.

"बरं झालं ना दादा, मी बोलले ते?"

"फार बरं झालं, मावशी," चिटणीस म्हणाले आणि त्यांनी कठडा घट्ट धरला.