प्रिंटरची सेवाज्येष्ठता

कार्यालयातल्या प्रत्येक संगणकाला आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा घरक्रमांक, आपोआप मिळावा अशी यंत्रणा सोमवारी बसवण्यात आली आणि मंगळवारी साहेबांचा अपमान झाला. साहेब येईपर्यंत पहिला क्रमांक कनिष्ठ लिपिक बाईंना गेला होता. बाईंचा गुन्हा एवढाच, की त्या वेळेवर आल्या होत्या.

“जो आधी सुरू होतो त्याला आधीचा नंबर, साहेब,” तंत्रज्ञ म्हणाला. “नंबर कुठलाही असो, कामात फरक पडत नाही.”

“कामाचं कोण बोलतंय?” साहेब म्हणाले.

परिपत्रक निघालं: सर्व यंत्रे सेवाज्येष्ठतेनुसारच सुरू करावीत. आपोआप होणाऱ्या कामाला अशी शिस्त लागली, की ते कुणीतरी केल्याशिवाय होईना. साहेबांआधी हेडक्लार्कनी बटण दाबायचं नाही, हेडक्लार्कआधी बाईंनी. साहेब फिरतीवर असले की सगळं कार्यालय हातावर हात ठेवून बसे.

शुक्रवारी मात्र बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आई अंथरुणाला खिळलेली, तिला भरवणारी शेजारीण आता कंटाळलेली. आईच्या गावी बदली हवी तर अर्ज त्याच संध्याकाळपर्यंत, तोही कार्यालयाच्याच संगणकावरून भरायचा होता. साहेब जेवून आले, त्यांचं बटण दाबून झालं. हेडक्लार्कचं झालं. बाईंनी बटणाकडे हात नेला.

“थांबा,” हेडक्लार्क म्हणाले. “आधी प्रिंटर.”

“तो दुरुस्तीला गेलाय ना, काका?”

“म्हणूनच. तो तुमच्या आधीपासून सेवेत आहे. ज्येष्ठाच्या गैरहजेरीत त्याला डावलणं बरं दिसत नाही.”

“काका, माझ्या आईचा प्रश्न आहे.”

“आई सगळ्यांनाच असते,” हेडक्लार्क म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

मुदत टळली. बाई स्वच्छतागृहात जाऊन पोटभर रडल्या. सोमवारी प्रिंटर दुरुस्त होऊन रुजू झाला, त्यामागोमाग बाईंचा संगणकही रीतसर सुरू झाला. आई पावसाळ्याआधीच गेली.

पुढच्या वर्षी बाईंच्या हाताखाली नवा लिपिक आला. एके दिवशी तो अजिजीनं म्हणाला, “ताई, वडिलांचं ऑपरेशन आहे. रजेचा अर्ज टाकायचाय. आज तुमच्या आधी सुरू करू का?”

बाईंना त्याची खरंच कीव आली.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या, आणि पर्समधला चष्मा सावकाश शोधू लागल्या.

खरं सांगा, एवढं सोसल्यावर बाईंचा तेवढा हक्क होता, असं तुम्हालाही क्षणभर वाटलंच ना?