गलेफाखालचा संगणक

सन १९८६च्या जून महिन्यात नागपूरच्या सदर भागातील विभागीय विहीर-पंप गणना कार्यालयास एक संगणक मंजूर झाला. कार्यालयाने मागितले होते पंखे. परंतु मंजूर झालेली वस्तू नाकारण्याची पद्धत शासनात नाही, त्यामुळे संगणक आला.

या बातमीने सगळ्यांत जास्त आनंद झाला तो गणना-कारकून देवराव गजभिये यांना, आणि सगळ्यांत मोठा धसकाही त्यांनाच बसला. देवरावांना यंत्रांचं भारी वेड. घरी तीन जुनाट रेडिओ पोट उघडून पडलेले. चार वर्षांपूर्वी हौसेने आणलेला नवाकोरा टेपरेकॉर्डर तेवढा कपाटात, खोक्यासकट. ऑफिसात त्यांच्या ताब्यात होतं १९५८ सालचं हाताने फिरवायचं गणकयंत्र. दांडा फिरवला की खर्रर्र, बेरीज पुरी झाली की टिंग. दर शनिवारी देवराव त्याला शिलाई मशीनचं तेल पाजत. नरखेड तालुक्यातली एकूण एक विहीर त्या यंत्राच्या पोटातून गेली होती.

धसक्याचं कारण परिपत्रकात होतं. 'संगणक कार्यान्वित होईल त्याच दिवशी जुने गणकयंत्र वरिष्ठांसमक्ष हातोड्याने फोडावे. कोणाही कर्मचाऱ्यास विकू नये.' म्हणजे संगणकाचं बटण दाबलं की जुनं यंत्र मेलंच. आणि बटण दाबता येईल असा माणूस ऑफिसात एकच, ज्याने माहितीपुस्तक तीनदा वाचून काढलं होतं.

"घरात सून आली म्हनून सासूले हातोडा घालते का कोनी?" देवराव टायपिस्ट कुसुमताईंना म्हणाले.

"आमच्या घरी येऊन विचारू नका, बापा," कुसुमताई म्हणाल्या.

सुदैवाने घाई कुणालाच नव्हती. संगणकाला थंड खोली लागते, म्हणून एअर कंडिशनर आला. तो नीट चालतो का हे पाहण्यासाठी कार्यालयप्रमुख विश्वनाथ देवस्थळे साहेबांच्या केबिनमध्ये बसवण्यात आला. चाचणी अद्याप चालू आहे. संगणकाच्या खोलीबाहेर 'पादत्राणे येथे काढावीत' अशी पाटी लागली. नारळ फुटला, काचेवर कुंकवाचं बोट ओढलं गेलं. आणि धूळ जाऊ नये म्हणून साहेबांच्या पत्नीने पोपटांचं भरतकाम केलेला, झालर लावलेला एक गलेफ स्वहस्ते शिवून दिला. मेमसाहेबांचा गलेफ! तो काढायची कुणाची छाती?

तरीही नियम हवा म्हणून नियम झाला. 'आत धूळ नाही असा दाखला मिळाल्याशिवाय गलेफ उचलू नये.' दाखला देण्यासाठी समिती नेमली. समिती चपला काढून आत गेली, अर्धा तास पोपटांकडे बघत राहिली, आणि गलेफ उचलल्याशिवाय धूळ दिसत नाही असा अहवाल देऊन मार्गदर्शनासाठी मुंबईला लिहिती झाली. देवराव रोज दुपारी दारात उभे राहून झालरीखालून दिसणारा संगणकाचा एक कोपरा बघत. जीव तुटायचा बिचाऱ्यांचा. पण आपलं यंत्र वाचलंय, हे समाधानही होतं.

मुंबईहून मार्गदर्शन आलं नाही, तक्ता आला. 'संगणकावर केलेल्या कामाची माहिती दरमहा पाठवावी.' साहेब डगमगले नाहीत. देवरावांनी जुन्या यंत्रावर बेरजा कराव्यात आणि कुसुमताईंनी त्या संगणकासोबत आलेल्या, दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांब कागदावर टाइप कराव्यात, असं ठरलं. अकरा महिने माहिती बिनचूक गेली. अशी बिनचूक माहिती इतर कुठल्याच कार्यालयातून येत नसल्याने खुद्द उपसंचालक पाहणीला आले.

उपसंचालकांनी चपला काढल्या. गलेफाला नमस्कार केला. कोपऱ्यात साहेबांनी मुद्दाम लावलेला पडदा, पडद्यामागे देवराव आणि त्यांचं यंत्र. उपसंचालकांनी कामठीच्या विहिरींची बेरीज विचारली. खर्रर्र, खर्रर्र, टिंग! पडद्याखालून कागद आला.

"वा! आवाजसुद्धा काय दमदार आहे," उपसंचालक म्हणाले. "संगणक कार्यान्वित झाल्याचं मी जाहीर करतो. चला, आता ते जुनं यंत्र माझ्यासमोर फोडा. मला गाडी गाठायची आहे."

ते चहासाठी केबिनमध्ये गेले. पडद्यामागे देवरावांनी यंत्राला मिठीच मारली.

"साहेब, हे फुटलं तं पुढच्या महिन्यात विहिरी कोन मोजन?"

देवस्थळे साहेबांनी क्षणभरच विचार केला. "देवराव, तो संगणक पोत्यात घाला."

"संगनक? काहून जी?"

"हे यंत्र फोडलं तर काम बंद पडेल. संगणक कागदावर चालू आहे. कागदावर चालू असलेली वस्तू फोडली तरी चालूच राहते."

देवरावांनी हातात दिलेला हातोडा खाली ठेवला. "मंग साहेब, मले एकडाव चालू करून पाहू द्या. फक्त बटन दाबतो. वर्सभरापासून वाट पाहून राहिलो जी."

"वेडे आहात का? धूळ जाईल आत!"

अंगणात पोतं ठेवलं. देवरावांनी डोळे मिटून सात घाव घातले. आतून काचेचा खळखळाट झाला.

"जुन्या यंत्रात इतकी काच?" उपसंचालकांनी विचारलं.

"पूर्वी माल चांगला वापरत," साहेब म्हणाले. कुसुमताईंनी साक्षीदार म्हणून सही केली. दुसऱ्या दिवसापासून जुनं यंत्र पोपटांच्या गलेफाखाली विराजमान झालं. ते वापरताना गलेफ काढायला मात्र परवानगी होती, कारण ते संगणक नव्हतं.

संगणक फुटला त्या संध्याकाळी देवराव घरी आले ते पडलेलं तोंड घेऊन. खिशात भंगारातून उचललेलं एक बटण होतं.

"काहून असं तोंड करून राहिले?" बायको कौसल्याबाईंनी विचारलं. देवरावांनी सगळं सांगितलं.

"मशीनचा जीव तं वाचला ना तुमच्या!"

"वाचला वं. पन त्या दुसऱ्याचं बटन दाबाचं राहून गेलं माह्यं. नवीन वस्तू, एकडावबी चालली नाही, न् मेली."

कौसल्याबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या म्हणाल्या, "मंग आपला टेपरेकॉर्डर तरी काढा ना खोक्यातून. चार वर्सं झाली आनून. आज लावू त्याले."

देवराव ताडकन उभे राहिले आणि कपाटाला पाठ लावली. "काही बोलतं काय तू? धूळ जाईन ना त्याच्यात!"

हसलात? हसा, खुशाल हसा. पण आधी बाहेर जाऊन तुमच्या स्कूटरच्या सीटवरचं दुकानातलं प्लॅस्टिक काढून या. आणि शोकेसमधला लग्नातला तो चहाचा सेट आज बाहेर काढा. आम्ही दारातच उभे आहोत, चपला काढून.