तीन दिवस पाणी लावू नये

मनुष्याच्या डोक्याला आतली आणि बाहेरची अशा दोन बाजू असतात. आतल्या बाजूची निगा राखण्याचं बंधन कुणावरही नाही. तिथे वर्षानुवर्षं झाडू फिरला नाही तरी शेजारीपाजारी तक्रार करत नाहीत. बाहेरच्या बाजूचं तसं नाही. ती सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि सार्वजनिक मालमत्तेबद्दल मत देण्याचा अधिकार प्रत्येकाला जन्मतःच मिळतो.

शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मुख्य रसायनतज्ज्ञ असलेल्या बाईंना ही गोष्ट वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी उमगली. निमित्त झालं खात्याच्या पत्राचं. उल्लेखनीय कामगिरीबद्दल बाईंचा जाहीर सत्कार ठरला होता, दहा आठवड्यांनी, मोठ्या सभागृहात. शिवाय त्यांचा फोटो सभागृहाच्या भिंतीवर कायमस्वरूपी लागणार होता. (खातं 'कायमस्वरूपी' हा शब्द फार जपून वापरतं. बाईंची स्वतःची नोकरी कायमस्वरूपी व्हायला अकरा वर्षं लागली होती.)

पत्र वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. तो साधारण चार मिनिटं टिकला. मग नणंदेने, जी दर रविवारी माहेरी येऊन आठवड्याचा कारभार मार्गी लावून जायची, पत्र पुन्हा एकदा वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "वहिनी, कायमस्वरूपी म्हणजे कायमचा गं. या केसांनी?"

बाईंचे केस कुरळे होते. साधेसुधे नव्हेत, ठाम कुरळे. प्रयोगशाळेत त्यांना पुढून 'मॅडम' म्हणत आणि मागून 'घरटं'. विंचरताना कंगवा आत शिरायचा, वाट चुकायचा आणि दोन-चार दात तिथेच ठेवून बाहेर यायचा. नवऱ्याने सांगितलं की मला तर आहेत तसेच आवडतात. पण हेच तो वीस वर्षं सांगत आला असल्यामुळे पुरावा म्हणून ते ग्राह्य धरलं गेलं नाही. सासूबाईंनी निकाल दिला की केस सरळ असले की माणूसही सरळ दिसतो. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर आता मोजकेच केस उरले होते, पण होते ते सरळ होते. तीन विरुद्ध एक अशा मतांनी ठराव पास झाला. (तिसरं मत नणंदेच्या नवऱ्याचं. ते तो हजर नसतानाही धरायची पद्धत होती.)

पार्लरवाली स्वभावाने फार चांगली. तिने बाईंचे केस दोन बोटांत धरले, डॉक्टर जिभेकडे बघतो तसं बघितलं आणि "बरं झालं वेळेत आलात" म्हणाली. मग तिने पांढऱ्या मलमाचा डबा उघडला. बाईंनी सवयीने डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. त्यातलं मुख्य द्रव्य त्यांच्या ओळखीचं निघालं. प्रयोगशाळेत ते कुलपाच्या कपाटात असायचं. ते बाहेर काढायला वहीत सही, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि शेजारी एक साक्षीदार लागायचा. इथे त्याच्यासोबत चहा मिळाला. हातमोजे मात्र इथेही होते. ते पार्लरवालीच्या हातात होते.

"चुरचुरलं तर सांगा हं," ती म्हणाली.

थोड्या वेळाने बाईंनी सांगितलं की चुरचुरतंय.

"म्हणजे लागू पडतंय," ती म्हणाली, आणि बाईंना पहिल्यांदाच वाटलं की आपण प्रयोगशाळेत एवढी वर्षं उगाच घाबरत होतो.

आता खरं ते सांगायला हवं. त्या दिवशी घरी आल्यावर बाईंनी कंगवा हातात घेतला, आणि तो कपाळापासून टोकापर्यंत कुठेही न अडता गेला. लोण्यातून सुरी जावी तसा. सेहेचाळीस वर्षांत हे कधी घडलं नव्हतं. त्यांनी आरशासमोर उभं राहून अकरा वेळा विंचरलं. लहानपणी आई केस ओढायची तेव्हा डोळ्यांत यायचं तसं पाणी बाराव्या वेळी त्यांच्या डोळ्यांत आलं, आणि त्यांनी ते पटकन पुसलं. कारण पार्लरवालीने दिलेल्या पत्रकातला पहिलाच नियम होता: तीन दिवस पाणी लावू नये.

पत्रकात एकूण एकवीस नियम होते. केस बांधू नयेत. कानामागे घेऊ नयेत. वाफेजवळ, चुलीजवळ, उन्हात, वाऱ्यात थांबू नये. घाम येईल असं काही करू नये. कंगवा रुंद दातांचा असावा आणि विंचरताना सुरुवात टोकाकडून करून वर यावं. (सरकारी कागदही याच दिशेने फिरतो, त्यामुळे हा नियम बाईंना लगेच समजला.) उशीला सुती अभ्रा नसावा, कारण सूत ओलावा पिऊन टाकतं. अभ्रा साटीनचा हवा. घरात साटीन म्हणजे नणंदेने नाकारलेला एक जुना पडदा होता, त्याचा अभ्रा शिवला. त्यावरून केस इतके अलगद सरकले की पाठोपाठ बाईही सरकल्या आणि सकाळी पलंगाच्या पायथ्याशी सापडल्या. केसांना धक्का लागला नव्हता.

प्रयोगशाळेतही फेरबदल झाले. भांडी निर्जंतुक करण्याच्या खोलीत वाफ असते, म्हणून बाई तिथे जाईनाशा झाल्या. दारात उभं राहून लांबूनच सूचना देऊ लागल्या. साहेबांनी याचं कौतुक केलं. वरिष्ठ अधिकाऱ्याने कामापासून योग्य अंतर ठेवावं, असं त्यांचं पूर्वीपासूनचं मत होतं.

पाचव्या आठवड्यात केस तुटायला लागले.

बाई मुळात शास्त्रज्ञ, त्यामुळे घाबरण्याआधी त्यांनी नोंदवही घातली. केसांची दोन गटांत विभागणी झाली: मुळासकट आलेले ते 'गळालेले', आणि मुळाविना आलेले ते 'तुटलेले'. वर्गीकरणाचं काम सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतलं. आयुष्यभर धान्य निवडल्याने त्यांची नजर तयार होती. रोज सकाळी त्या खिडकीत पांढऱ्या ताटलीत केस पसरून बसायच्या आणि आकडा ओरडून सांगायच्या. सोमवारी तुटलेले एकतीस, मंगळवारी अडतीस, बुधवारी बावन्न. बुधवारच्या आकड्यात रविवारपासून पडलेले नणंदेचे तीन निघाले. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

पार्लरवालीकडे विचारणा केली. ती म्हणाली, प्रोटीन कमी पडतंय. सासूबाईंनी अंडं सुचवलं. दोन अंडी फेटून केसांना लावली, अर्धा तास ठेवली आणि गरम पाण्याने धुतली. गरम पाण्याने अंड्याचं काय होतं हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण ते डोक्यावरही होतं हे त्या दिवशी कळलं. पुढचा तासभर सासूबाई सुनेच्या केसांतून नाश्ता वेचत होत्या. पार्लरवाली म्हणाली, आता प्रोटीन जास्त झालं, केस कडक झालेत, ओलावा हवा. आठवडाभर ओलावा दिला. मग ती म्हणाली, ओलावा जास्त झाला, केस लिबलिबीत झालेत, प्रोटीन हवं. बाईंनी आयुष्यभर पाण्याचा समतोल साधला होता. लाखो लोकांच्या नळाला येणारं पाणी त्या आम्लधर्मीही होऊ देत नसत आणि क्षारधर्मीही. पण एका डोक्याचा समतोल त्यांच्या हाती लागेना.

अशात मुळांकडून नवे केस उगवायला लागले. ते अर्थातच कुरळे होते. त्यांना कुणी पत्रक दिलं नव्हतं. डोक्यालगत बोटाच्या पेरभर कुरळे आणि पुढे वीतभर सरळ, अशी व्यवस्था झाली. जिथे दोघांची गाठ पडायची, नेमके तिथेच केस तुटायचे. पार्लरवालीने समजावलं की ही जागा सगळ्यात नाजूक असते, तिला ओढ, ताण, झटका काही लागता कामा नये.

सत्काराला सहा दिवस राहिले होते. सकाळीच एका शाळेतून निरोप आला, पाण्याला वास येतोय. नमुना घेणारा माणूस आजारी रजेवर होता. साहेब म्हणाले, उद्या बघू. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. हवेत गच्च दमट उकाडा होता, पत्रकातल्या नियम चार, पाच, सहा आणि नऊच्या विरोधातला. मग त्यांनी टेबलावरचा रबरबँड उचलला, केस मागे ओढून करकचून बांधले आणि निघाल्या.

शाळेच्या गच्चीवरच्या टाकीला बाहेरून लोखंडी शिडी होती. बाई चढल्या. झाकण सरकवलं तर आत मेलेलं कबूतर. खाली उतरून त्यांनी शाळेचे सगळे नळ बंद करवले, प्यायच्या पाण्याचा टँकर मागवला आणि टाकी रिकामी करताना अंगावर उडालेल्या पाण्यासकट दोन तास तिथेच उभ्या राहिल्या. मुख्याध्यापिका सांगत होत्या की मधल्या सुट्टीला दहा मिनिटं राहिली होती, आणि दुसऱ्या मजल्यावर चारशे मुलं आहेत.  बाईंच्या ओल्या केसांत रबरबँड घट्ट रुतला होता.

घरी आल्या तेव्हा त्या डोक्यापासून पायापर्यंत भिजलेल्या होत्या. घरच्यांनी एका सुरात काळजीने विचारलं, "केस भिजले?"

बाई बेसिनपाशी गेल्या आणि रबरबँड काढला. रबरबँडबरोबर केसही आले. दोन-चार नव्हेत, मनगटाएवढी आख्खी बट. ती त्यांच्या हातात राहिली. नवरा मागे येऊन थांबला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण गेल्या वीस वर्षांचं वाक्य आता चालणार नाही हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने बट हळूच त्यांच्या हातातून घेतली आणि टॉवेल दिला. सासूबाईंनी त्या दिवशी ताटली मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी पार्लरवालीने मार्ग काढला. सगळ्या केसांना पुन्हा एकदा तेच मलम लावायचं, वरचे कुरळे जातील, खालचे पुन्हा चमकतील, सगळं एकसारखं होईल.

"खालच्यांना दुसऱ्यांदा लावलं तर काय उरेल?" बाईंनी विचारलं.

"उरेल ते सरळ असेल," पार्लरवाली म्हणाली. ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

बाई खुर्चीवरून उठल्या, तिचे आभार मानले आणि सरळ कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेल्या, जिथे नवरा दर महिन्याला जायचा. न्हाव्याने केसांना हात लावला आणि "हे कुणी केलं?" एवढंच विचारलं. बाई म्हणाल्या, "मीच." त्याने कात्री उचलली. जेवढं कुरळं होतं तेवढं ठेवलं, बाकी सगळं उतरवलं. वीस मिनिटं लागली. बाहेर आल्यावर मानेला वारा लागला तसं बाईंना अगदी हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याचा थोडा रागही आला.

सत्कार वेळेवर झाला. म्हणजे प्रमुख पाहुणे तासभरच उशिरा आले. व्यासपीठावर त्यांनी बाईंच्या डोक्याकडे बघितलं, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं, "आता तब्येत कशी आहे?" बाईंनी बरी आहे म्हणून सांगितलं. तेवढं पुरलं. पाहुणे नऊ मिनिटं बोलले, त्यातली सात मिनिटं दुर्धर आजाराशी जिद्दीने झुंजणाऱ्या स्त्रीविषयी होती. सभागृह उठून उभं राहिलं. पहिल्या रांगेत नणंद हुंदके देत होती, तिला खरं काय ते माहीत असूनही. बाई दोनदा ध्वनिवर्धकाकडे वळल्या, पण दोन्ही वेळा तो दुसऱ्याच कुणाच्या हातात गेला होता. मानपत्र वेळेअभावी 'वाचलं असं समजण्यात आलं'. नवरा मागच्या रांगेत बसून एकटाच हसत होता, आणि बऱ्याच दिवसांनी बाई व्यासपीठावरून त्याच्याकडे बघून हसल्या.

महिन्याभराने सभागृहात फोटो लागला. खात्याच्या छायाचित्रकाराने दयाळूपणे केसांची उणीव संगणकावर भरून काढली होती. भिंतीवरच्या बाईंचे केस खांद्यापर्यंत आहेत, काळेभोर, सरळ, चमकदार. एकही तुटलेला नाही. खाली पितळी पाटी आहे. तिच्यावर नाव आहे, हुद्दा आहे. 'कामगिरी' या शब्दापुढे दोन टिंबं आहेत आणि पुढे कोरी जागा. मजकूर मागवण्याची फाईल फिरते आहे, टोकाकडून वर.

बाई रोज त्या फोटोखालून जातात. आतापर्यंत त्यांना तिथे चौदा जणांनी थांबवलं. कोरी जागा दाखवून कुणी काही विचारलं नाही. नऊ जणांना पार्लरचा पत्ता हवा होता, चौघांना न्हाव्याचा, आणि एका गृहस्थांना फोटोतल्या बाई अजून हयात आहेत का ते. सत्कार नेमका कशाबद्दल झाला हे कुणी विचारलं असतं, तर बाईंनी आनंदाने सांगितलं असतं. मोठी गोष्ट आहे ती, आणि केसांच्या गोष्टीपेक्षा कितीतरी रंगतदार. पण आपणसुद्धा इथपर्यंत वाचत आलात, एकदाही विचारलं नाहीत. म्हणून मग आम्हीही सांगितली नाही.